फायरप्लेसची चिमणी: घरातून वर न्यावी की बाहेरच्या भिंतीने?

कारखान्यातून तयार आलेली फायरप्लेस जागेवर ठेवणं सोपं, डोकं खातं ते चिमणीचं काम. घराच्या आतून सरळ छपरापर्यंत नेली तर पाइप उबदार राहतो आणि धूर झपाट्याने वर ओढला जातो. पण मजल्यागणिक भोक पाडून पत्र्याचा फायरस्टॉप (आग वरच्या मजल्यावर पसरू न देणारा अडथळा) बसवावा लागतो, आणि वरच्या खोलीचा एक कोपरा कायमचा जातो.

बाहेरून नेली तर तोडफोड कमी, जागाही वाचते. मात्र थंडीत पाइप गार पडतो, जड हवा त्यातून खाली उतरून बसते. काडी लावली की धूर थेट दिवाणखान्यात! शिवाय गार पाइपला आतून क्रिओसोट, म्हणजे धुरातला डांबरासारखा थर, धरतो, आणि चिमणीत आग लागते ती बहुधा त्यामुळेच. बाहेर पाइपभोवती बांधलेल्या पेटीला आतून इन्सुलेशन (उष्णता रोखणारा थर) दिलं की त्रास कमी होतो, जात नाही. नवं घर बांधत असाल तर आतूनच न्या.

पाइप मात्र त्याच मॉडेलसाठी मान्य केलेलाच हवा. घराच्या लाकडी भागांपासून कंपनीने सांगितलेलं अंतर, बहुतेकदा २ इंच, मोकळं ठेवा. पाइपलगतच्या या मोकळ्या जागेत इन्सुलेशन कोंबू नका. उंचीचा नेहमीचा नियम असा: चिमणी छपरातून बाहेर पडते तिथून किमान ३ फूट, आणि आडव्या १० फुटांच्या आतल्या कशाहीपेक्षा २ फूट वर.