स्पॅनिश सीडर सांगून पेन्सिलीचं लाकूड गळ्यात मारलं

सिगारच्या पेटीचे 18,500, ‘सीझनिंग किट’चे (नव्या लाकडात ओलावा मुरवायचं सामान) 1,200, कुरिअरचे 850. एकूण 20,550 रुपये, सगळे यूपीआयने आणि आगाऊ. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

जाहिरातीत होतं ‘50 सिगारचा ह्युमिडॉर, आतून अस्सल स्पॅनिश सीडर’. ह्युमिडॉर म्हणजे सिगार ओलसर ठेवणारी लाकडी पेटी. आला रेड सीडरचा. स्पॅनिश सीडर महोगनी-कडुलिंबाच्या कुळातला, वासाला सौम्य. रेड सीडर म्हणजे ज्युनिपर, पूर्वी पेन्सिली याच्याच करत. झाकण उघडलं की थेट शार्पनरमधल्या सालींचा भपकारा!

फोटोत सगळं दिसत होतं, हीच चीड आहे. जांभळट लाल फळी, कडेला पांढरट पट्टे, मध्ये काळपट गाठी. स्पॅनिश सीडर फिकट गुलाबी-तपकिरी आणि बहुधा बिनगाठीचा असतो, हे मला माहीत होतं. पण फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला, त्यात कोणीही फसला असता. निदान मी तरी स्वतःला हेच सांगतो.

वासाबद्दल विचारलं तर विक्रेत्याचं उत्तर, “नवीन लाकूड आहे साहेब, येणारच. 84 टक्के आर्द्रतेची पाकिटं आत ठेवा आणि चौदा दिवस उघडू नका.” स्पॅनिश सीडरसाठी हा सल्ला बरोबरच आहे, म्हणून तर गिळला. परत करायची मुदत मात्र दहा दिवसांची! आणि ओलाव्याने रेड सीडरचं तेल आणखीच दरवळतं. पंधराव्या दिवशी 22 सिगार आत ठेवले. तीन आठवड्यांनी ओढले तर पेन्सिल चघळल्यासारखे. सिगारमध्ये मुरलेला तो वास नंतर हटत नाही.

चौकीत गेलो. “पेटी मिळाली ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या खेपेला, “लाकडाला लाकडाचा वास येतो म्हणून तक्रार?” शेजारचा हवालदार हसला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. हेल्पलाइनवाले म्हणाले, हा ग्राहक वाद आहे, तिकडे जा. ‘तिकडे’ गेलो तर विक्रेत्याचा पत्ता मागितला. तो असता तर मीच गेलो नसतो का?

तुम्ही असली पेटी घेणार असाल तर विक्रेत्याकडे दिवसाउजेडी काढलेला आतला फोटो मागा, तोही कोपऱ्याचा. एमडीएफवर (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीवर) नुसतं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर वास डिंकाचाही असतो. माल खरंच स्पॅनिश असेल तर वास आला तरी घाबरू नका. पाकिटं काढा, झाकण उघडं टाकून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा, आत वाटीभर खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा. पॉलिश पेपर मारू नका, ताजं लाकूड उघडं पडून वास वाढतो. चिकट राळ दिसली तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेवढीच पुसा आणि पूर्ण सुकू द्या. आतून वार्निश तर कधीच नको. आधी एकच स्वस्त सिगार पंधरा दिवस ठेवून ओढा. मी नेमकं हेच केलं नाही.

रेड सीडरला यातलं काहीच लागू नाही, तेल लाकडातच आहे. माझ्या पेटीत आता स्वेटर आहेत. कसर तरी लागत नाही.