जड पटर घ्यावा का? आधी तुमचे पट कुठे चुकतात ते बघा

गोल्फमध्ये तीन-चार फुटांचे पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू होलकडे ढकलायचे फटके) एकामागोमाग सुटले की दुकानातला जड मॅलेट, म्हणजे मोठ्या, रुंद डोक्याचा पटर (पट मारायची काठी), डोळ्यांत भरायला लागतो. वजनाने फरक पडतो, हे खरंच आहे. पण तोच पटर लहान पटला हात देतो आणि लांब पटला घात करतो, असंही होतं. म्हणून खरेदीच्या आधी आपला आजार ओळखायला हवा.

हल्ली बहुतेक पटरचं डोकं (चेंडूला लागणारा खालचा भाग) ३४० ते ३७० ग्रॅमच्या आसपास असतं. जुने ब्लेड, म्हणजे पात्यासारख्या पातळ डोक्याचे, पटर ३०० च्या आगेमागे असायचे. ४०० च्या जवळ गेलेलं डोकं मात्र हाताला लगेच जड लागतं. वजनाची ही वाढ ग्रीन बदलल्यामुळे झाली. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये ग्रीनचा वेग मोजायचं साधन बनवलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रीनवर त्याचं सरासरी माप, म्हणजे त्यावरून सोडलेला चेंडू जितका घरंगळतो ते अंतर, साडेसहा फुटांच्या आसपास भरत होतं. आज मोठ्या स्पर्धांमध्ये ते ११ ते १३ फूट असतं. संथ, दाट गवतावर मनगटाने चेंडू ठोकावा लागे, तिथे हलकं डोकं सोयीचं होतं. वेगवान ग्रीनवर खांद्यातून शांतपणे झुलवायचं असतं आणि ते काम जड डोक्याला जास्त जमतं.

‘जड पटरने चेंडू लांब जातो’ असं बरेच जण सांगतात. थोडा हिशेब करून बघू. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे त्याच्यापुढे ३५० काय नि ४०० काय, दोन्ही डोकी धिप्पाडच. दोन्ही अगदी सारख्या वेगाने लागली, तर ४०० ग्रॅमच्या डोक्याने चेंडूचा वेग जेमतेम दीड टक्का वाढतो. अंतर वाढतं तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३० फुटांच्या पटला फूटभरसुद्धा नाही. वजनाचा खरा परिणाम चेंडूवर नाही, तुमच्या हातांवर होतो. निवड करताना हेच धरून चालावं.

लहान पटला हा परिणाम बहुधा चांगला असतो. चेंडू कुठल्या दिशेने निघणार, हे मुख्यतः आदळतानाच्या फेसच्या (डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) कोनावर ठरतं. दहा फुटांवरून फेस एक अंश जरी वळला, तरी चेंडू होलपाशी दोन इंचांहून थोडा जास्त सरकतो. होलच सव्वाचार इंचांचं, म्हणजे मधोमध नेम धरलेला चेंडू थेट काठावर येतो. शेवटच्या क्षणी मनगट झटकलं जात असेल, तर जड डोकं ती झटक सहजासहजी जुमानत नाही आणि लय आपोआप थोडी संथ होते. तुमचे चार फुटांचे पट कधी डावीकडे, कधी उजवीकडे सुटत असतील, तर माझा कौल जड पटरला. ते नेहमी एकाच बाजूला जात असतील, तर मात्र वजनाने काही साधणार नाही. तिथे तुमचा नेम किंवा उभं राहणं तपासायला हवं.

लांब पटला चित्र उलटतं. ४० फुटांवरून चेंडू होलच्या आसपास थांबवायचा, तर हाताला अंतराचा अंदाज लागतो आणि तो डोक्याच्या हालचालीतल्या बारीक फरकांतून येतो. डोकं फार जड असलं की ते फरक बुजतात. एक पट सहा फूट पुढे जातो, पुढचा भीतीपोटी मागेच राहतो. तुम्हाला एका होलला तीन पट लागतात ते पहिला पट अंतरात चुकल्याने लागत असतील, तर मी आहे तोच पटर ठेवायला सांगेन.

वजन आणि स्थिरता यांची गल्लतही फार होते. चेंडू फेसच्या मधोमध लागला नाही, तर डोकं वळतं. ते किती वळेल हे वजन कुठे पसरलंय यावर बरंच अवलंबून असतं. १९८६ ची मास्टर्स स्पर्धा गोल्फपटू जॅक निक्लॉसनी जिंकली तेव्हा त्यांच्या हातात अ‍ॅल्युमिनियमचा, भल्यामोठ्या डोक्याचा पटर होता. ते डोकं मोठं होतं, पण आकाराच्या मानाने हलकं. तुमचा चेंडू टो (डोक्याचं बाहेरचं टोक) किंवा हीलकडे (दांड्याजवळचं टोक) लागत असेल, तर ग्रॅम मोजण्यापेक्षा कडांना वजन असलेला रुंद मॅलेट बघा.

ग्रिपच्या (मुठीच्या) टोकालाही वजन घातलेले काउंटरबॅलन्स पटर हा मधला मार्ग आहे. पटर शरीराला टेकवून मारण्यावर १ जानेवारी २०१६ पासून बंदी आली, त्या सुमारास ते बरेच दिसू लागले. एकूण वजन वाढतं, हात स्थिर राहतात, पण डोकं तितकं जड भासत नाही. हात थरथरतात आणि लांब पटही बिघडवायचे नाहीत, अशांनी आधी हाच हातात घेऊन बघावा.

शाफ्टची (दांड्याची) लांबीही विचारून घ्या. शाफ्ट आखूड झाला की तेच डोकं हलकं लागतं, म्हणून ३३ इंची पटरला कंपन्या अनेकदा जास्त वजनाचं डोकं देतात. नुसते ग्रॅम वाचून ३३ आणि ३५ इंची पटरची तुलना करू नका.

नवा पटर घेण्याआधी जुन्यालाच लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावून बघा. १५-२० ग्रॅम पुरे. पट्ट्या सोलवर (डोक्याच्या तळाला) मधोमध लावा, कारण एकाच टोकाला लावल्या तर फेस उघडण्या-मिटण्याची चाल बदलते आणि नेमकं कशाने काय झालं ते कळत नाही. मग चार फूट आणि तीस फूट, दोन्ही अंतरांवरून मारा. चार फुटांवर बहुतेकांना पहिल्याच दिवशी बरं वाटतं, पण भरवसा तीस फुटांवरच्या चेंडूंवर ठेवा: ते होलच्या मागे-पुढे किती पसरलेत ते बघा. वेगळ्या वेगाच्या ग्रीनवरही एकदा मारून या. हे सगळं सरावातच उरका. राउंड सुरू झाल्यावर मुद्दाम टेप लावून किंवा काढून त्या पटरने एक जरी स्ट्रोक मारला, तरी नियमानुसार खेळाडू थेट अपात्र ठरतो.