‘आय नो व्हेअर आय’म गोइंग!’ची डिस्क: भुसावळहून अभिप्राय

मायकल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडगोळीचा १९४५ चा सिनेमा. खोका कोपऱ्यात चेपून आला, डिस्कला मात्र ओरखडा नाही. कृष्णधवल चित्र लख्ख. सबटायटल्स इंग्रजीच, पण स्कॉटिश बोलीपुढे ती लागतातच.

बड्या कारखानदाराशी लग्न करायला निघालेली जोन (वेंडी हिलर) वादळामुळे स्कॉटलंडमधल्या त्याच्या बेटाच्या अलीकडेच अडकते आणि भलत्याच्याच प्रेमात पडते. नवरदेवाचा फक्त आवाज ऐकू येतो, तोंड शेवटपर्यंत दिसत नाही! रात्रगाडीत तिला पडणारं स्वप्न मी पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहिलं. रेल्वेत जन्म गेलाय ना. गंमत म्हणजे नायक रॉजर लिव्हसी लंडनमधल्या नाटकामुळे स्कॉटलंडला गेलाच नाही. तिथल्या लांबच्या दृश्यांत त्याच्याऐवजी दुसराच माणूस चालतो. सौ.ला हे अजून पटलेलं नाही.

समुद्रातल्या भोवऱ्याचा प्रसंग मे महिन्यात कूलर लावून बघा, अंगावर काटा येतो. किल्ल्याच्या शापाचं प्रकरण मला ओढूनताणून वाटलं. किंमत जरा जास्तच, तरी पाचपैकी चार.