माईट मोजायची बरणी, सात महिन्यांनंतर: झाकणाची जाळी मोजूनच घ्या

माईट, म्हणजे मधमाश्यांच्या अंगावर जगणारे बारीक कोळी, मोजायची ही पिठीसाखरेची बरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात ६५० रुपयांना मागवली, तेव्हा माझ्याकडे मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या १२ पेट्या होत्या. आज १० आहेत. गेलेल्या दोन्ही पेट्यांचा दोष मी या बरणीच्या झाकणाला देते.

वापरायची रीत पेटीवाल्यांना ठाऊकच आहे. ब्रूडच्या, म्हणजे अळ्या-कोषांच्या, फ्रेमवरून अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या बरणीत झटकायच्या, राणी त्यात नाही हे दोनदा बघून. वरून दोन चमचे पिठीसाखर घालायची, मिनिटभर घोळवायचं, थोडं थांबायचं आणि जाळीतून साखर पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यात पाडायची. साखर विरघळते, तांबूस माईट दिसतात. आकड्याला तीनने भागलं की शंभर माश्यांमागे किती ते कळतं. साखरेऐवजी माश्या स्पिरिटमध्ये धुवून मोजलं तर त्या तीनशे माश्या मरतात. दर महिन्याला प्रत्येक पेटीतल्या तीनशे माश्या मारायला माझा हात धजत नाही, म्हणून तर ही बरणी घेतली.

जून ते ऑगस्ट एकाही पेटीत दोनच्या वर माईट निघाले नाहीत. मी निर्धास्त झाले आणि बरणीला पाच तारे देऊन टाकले. ते मागे घेते.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सात नंबरच्या पेटीपुढे माश्या मातीत सरपटताना दिसल्या. पंख चुरगळलेले, पोट आखूड. नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "शेजारच्या टोमॅटोवर फवारणी झाली ना, त्यानं झालं असेल." पण फवारणीनं माश्या मरून पडतात, जन्मतः चुरगळलेल्या पंखांच्या निघत नाहीत. पंख असे चुरगळवणारा विषाणू माईटमुळे पसरतो. लगेच मोजलं, तर ताटलीत एकच माईट! माश्या पेटीत परत सोडल्या आणि बरणी धुवायला साबणाचं पाणी ओतून हलवली. तळाशी नऊ माईट होते. तीन महिने साखर तेवढी खाली पडत होती, माईट आतच राहत होते आणि कितीतरी माश्यांसोबत पेटीत परत जात होते.

मोजपट्टी लावून बघितलं. माईट खेकड्यासारखा आडवा असतो, रुंदी दीड मिलिमीटरच्या आसपास. या जाळीचं भोक जेमतेम सव्वा मिलिमीटरचं, म्हणजे डासांच्या जाळीसारखं. माशी बाहेर पडू नये आणि माईट सहज पडावा यासाठी भोक अडीच ते तीन मिलिमीटरचं लागतं. बरणी बनवणाऱ्यानं एकदाही माईट टाकून पाहिला नसेल का? या बरणीचं कामच ते आहे.

नाइलाजानं सात नंबरमधल्या ३०० माश्या साबणाच्या पाण्यात धुतल्या. २४ माईट, म्हणजे ८ टक्के. मी तीन टक्क्यांना उपचार सुरू करते. तोवर सात आणि नऊ नंबरमध्ये फारशा माश्या उरल्या नव्हत्या, दोन्ही ऑक्टोबरमध्ये संपल्या.

विक्रेत्याला फोन केला. "ताई, अजून कुणाचीच तक्रार नाही." पट्टीसकट फोटो पाठवले. तीन आठवड्यांनी नवीन झाकण आलं, जाळी तीच. पैसे परत मागितले, ते अजून आले नाहीत.

राहिलेल्या पेट्यांना फ्लुमेथ्रिन या माईट मारणाऱ्या औषधाच्या पट्ट्या लावल्या. शेजारच्या दादांनी द्राक्षावरच्या लाल कोळीचं अबामेक्टिन देऊ केलं होतं, "कोळी तो कोळीच" म्हणून. कृपा करून कुणी ते पेटीजवळ नेऊ नका, माश्यांना ते जहर आहे. फॉर्मिक ॲसिडची वाफ पोळ्यातल्या मेणानं बंद केलेल्या अळ्यांच्या घरांतल्या माईटपर्यंतही पोचते, पण तीसच्या वरच्या तापमानात ब्रूड आणि राणीला धोका असतो आणि आपल्याकडचा ऑक्टोबर तापतो, म्हणून ते टाळलं. पट्ट्या सहा आठवडे ठेवाव्या लागतात. कामकरी माशीचं घर १२ दिवस बंद असतं, आतला माईट बाहेर आल्यावरच औषध त्याला लागतं. मुदत संपल्यावर मोजून सगळ्या पट्ट्या काढल्या, राहिल्या तर माईट औषधाला दाद देईनासे होतात. तेव्हा मधाचे सुपर, म्हणजे मध साठवायचे वरचे कप्पे, लावलेले नव्हते, हेही सांगते.

आता बरणीची चांगली बाजू. ऑक्टोबरमध्ये झाकणाची जाळी कापून काढली आणि नाशिकच्या रविवार कारंजावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून ४० रुपयांत तीन मिलिमीटरची जाळी आणून बसवली. मग एकाच पेटीतून दोन नमुने घेतले: साखरेत १४, साबणाच्या पाण्यात १७. साखर थोडं कमी दाखवते, ते मला चालतं. बरणीचं प्लास्टिक दणकट आहे, आटे घट्ट बसतात, अर्ध्या कपाची खूण बरोबर आहे. पावसाळ्यात दुकानातल्या पिठीसाखरेचे गोळे होतात आणि त्यात स्टार्चही असतो, म्हणून साखर घरीच मिक्सरवर कोरडी दळते.

डिसेंबरमध्ये दहाही पेट्यांत शून्य ते दोन माईट निघाले, यावेळी नव्या जाळीतून. निफाडच्या एका शेतकऱ्याला कांद्याच्या डोंगळ्यांच्या, म्हणजे फुलांच्या दांड्यांच्या, परागीभवनासाठी सहा पेट्या हव्या आहेत. फुलोरा सुरू व्हायच्या आधी त्या पुन्हा मोजून पाठवणार आहे. बरणीला तीन तारे, झाकणाला एकही नाही.