वसई, नाणेघाट की अंबरनाथ? ठाण्याहून एका रविवारची निवड

ठाण्यात राहणाऱ्या मित्रमंडळींकडून दिवाळीनंतर हमखास विचारणा होते: एक रविवार मोकळा आहे, गाडी आहे, काहीतरी जुनं बघायचंय, कुठे जाऊ? माझ्या डोक्यात तीन नावं येतात, पण उत्तर देण्याआधी मी एकच विचारतो, गाडीत कोण कोण आहे?

आईवडील किंवा लहान मुलं असतील तर वसई. अंतर सुमारे 45 किलोमीटर. घोडबंदर रोड, वर्सोव्याचा खाडीपूल, मग महामार्गाने वसई फाटा आणि तिथून गावात. मात्र या अंतरावर विसंबू नका. गायमुखच्या चढावर एखादा ट्रेलर बंद पडला की सगळं वेळापत्रक कोलमडतं. सकाळी साडेसहाला घर सोडलं तर आठच्या आत किल्ल्यात पोचता. वसईची मोठी सोय म्हणजे रस्ता किल्ल्यातूनच बंदराकडे जातो, त्यामुळे गाडी थेट आतपर्यंत नेता येते. माझ्या आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. तिला चर्चच्या भिंतीच्या सावलीत बसवून आम्ही भुई दरवाजा आणि दर्या दरवाजा पाहून आलो, आणि परतलो तेव्हा तिच्या शेजारी सुकेळीचं पुडकं होतं. वसईची ती उन्हात वाळवलेली केळी चुकवू नका.

वसईला आधी काही वाचून गेलं नाही तरी चालतं. छत उडालेली चर्चं, त्यांच्या उंच कमानी आणि जवळच नागेश्वर व वज्रेश्वरीची देवळं पाहिली की इथे कोण आलं आणि कोण गेलं हे मुलांनाही उमगतं. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली. सुरुंग लावून तट फोडावा लागला, माणसं फार पडली. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या दिसतात. मुलांनी त्या पाहिल्या असतील तर किल्ल्यातल्या रिकाम्या मनोऱ्याखाली त्यांना उभं करून ही गोष्ट सांगा. माझ्या पुतण्याला एवढं एकच लक्षात राहिलं, पण पक्कं राहिलं.

नाणेघाटाचं याच्या बरोबर उलट आहे. तयारी न करता गेलात तर डोंगरातली एक चौकोनी खोली बघून परत याल. तयारी करून गेलात तर मात्र, माझ्या मते, आपल्या भागात याच्या तोडीचं दुसरं ठिकाण नाही. ही खोली म्हणजे लेणं, आणि तिच्या भिंतींवरचा, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा, ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला लेख सातवाहन राणी नागनिकेचा. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी) दिली याचा हिशोब आकड्यांसकट कोरलेला आहे. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा आणि वरती नावं उरली आहेत, त्यांतलं पहिलं सिमुक सातवाहनाचं.

शिवाय नाणेघाटाला जाताना प्रवास हाच निम्मा इतिहास असतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच बाजूने सह्याद्री चढून जुन्नर, पैठणकडे जायचा. आपण कल्याण, मुरबाड, टोकावडे करत जातो ती वाट साधारण तीच. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असं परंपरेनं सांगतात.

आता वेळेच्या आणि श्रमांच्या खर्चाची बाजू. पायथ्याच्या वैशाखरे गावापुढे गाडी लावून चढायचं तर दोन-अडीच तास आणि दमदार पाय हवेत. चढायचं नसेल तर माळशेज घाट चढून जुन्नरच्या बाजूने गाडी माथ्यापर्यंत जाते, लेण्यापर्यंत थोडंसंच उतरावं लागतं, पण एका बाजूचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे पूर्ण दिवस आणि बदलीला दुसरा चालक. जुलै-ऑगस्टच्या रविवारी माळशेजला जाऊच नका. धबधब्यांची गर्दी आणि दरडी यांत दिवस वाया जातो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मी तरी शक्यतो पायीच जातो. बैलांच्या पाठीवरची ओझी जिथून चढली तिथून स्वतःच्या पायांनी चढल्यावर लेणं वेगळंच दिसतं.

अर्धाच दिवस असेल तर अंबरनाथ. ठाण्याहून 25 किलोमीटरच्या आसपास, जेवायला घरी परत. शिलाहारांच्या काळातलं, शके 982 म्हणजे 1060 च्या लेखाचं शिवमंदिर. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं. भोवतीच्या वालधुनी नदीची अवस्था पाहून जीव तुटतो, पण बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं पाहायला दोन तासही पुरत नाहीत. मंदिर पूजेतलं आहे, त्यामुळे महाशिवरात्रीच्या गर्दीत शिल्पं बघायला जाऊ नका.

वसईला गेलात आणि दुपारी वेळ उरला तर नालासोपाऱ्याचा, म्हणजे त्या जुन्या सोपारा बंदराचा स्तूप, गावकऱ्यांचा बुरुड राजाचा कोट, जरूर पाहा. 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, आणि नाणेघाटचा लेख वाचणाऱ्यांतही तेच होते. म्हणून माझा सल्ला असा: दोन रविवार मिळणार असतील तर आधी वसई-सोपारा करा, मग नाणेघाट. माल ज्या बंदरात उतरला तिथून सुरुवात करून तो जिथे घाट चढला तिथे जायचं.

नाणेघाटाला निघताना चांगली टॉर्च घ्या. समोरून उजेड टाकला तर भिंत नुसती खडबडीत दिसते. टॉर्च भिंतीला लागून तिरपी धरा, म्हणजे ओळीमागून ओळ अक्षरं वर येतात. हात मात्र लावू नका.