नवीन मरीन टँक लावताय? "शेवाळाचं औषध" विकणाऱ्यापासून सावध राहा (कोल्हापूर)

कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली या भागात जे कोण नवीन खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक, म्हणजे मरीन टँक किंवा रीफ (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेला) टँक लावायचा विचार करतायत त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. मोठं झालंय पण वाचाच. माझे ४५ हजारांच्या आसपास गेले, पैशाचं एक जाऊ दे, पण त्यात मुके जीव मेले आणि ते माझ्या पोरीच्या डोळ्यादेखत मेले. ज्या पद्धतीनं हे केलं गेलं ती पद्धत इतकी ठरवून बसवलेली आहे की मला टँक लावून देणारा माणूस हेच अजून चार घरात करत असणार याबद्दल मला शंका नाही. नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण पद्धत सगळी लिहितो, म्हणजे समोर आली की लगेच ओळखता येईल.

आधी मुद्द्याचं सांगतो. नवीन मरीन टँकमध्ये सायकलिंग (पाण्यातली घाण पचवणारे बॅक्टेरिया बसायचा काळ, खाली सविस्तर सांगतो) चालू असताना शेवाळ येतंच. सगळ्यांना येतं. पहिल्यांदा वाळूवर आणि काचेवर तपकिरी पावडर बसल्यासारखं दिसतं, त्याला डायटम म्हणतात, ते पाण्यातल्या आणि नवीन वाळू-दगडातल्या सिलिकेटवर वाढतं आणि सिलिकेट संपलं की आपोआप जातं. त्याच्यानंतर हिरवा थर, मग कधी केसासारखं लांब हिरवं शेवाळ, काहींना लालसर बुळबुळीत चादर धरते ते सायनोबॅक्टेरिया. हे दोन-तीन महिने मागंपुढं चालतं, बघायला घाण वाटतं, पण टँक आजारी पडलाय असा त्याचा अर्थ नाही. त्या माणसाचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे की नवीन माणसाला हे माहीत नसतं.

माझ्याकडं गोड्या पाण्याचे टँक कित्येक वर्षं आहेत, गप्पी, मॉली, एंजल सगळं केलंय. खाऱ्या पाण्याचं नवीन होतं म्हणून माहीतगार माणूस शोधला. हा रील्समधून दिसला, दुकान नाही, "गोडाऊन हाय दादा, सगळं घरपोच करतो" म्हणाला. पॅकेज सांगितलं, त्यात टँक, मीठ, लाइव्ह रॉक (आधीच बॅक्टेरिया बसलेला समुद्री दगड), आरओ-डीआय पाणी, बॅक्टेरियाची बाटली आणि सात दिवसात मासे सोडून देतो अशी गॅरंटी. पैसे यूपीआयनं घेतले पण दोन वेगवेगळ्या नंबरांवर. बिल मागितलं तर "शेवटी एकदमच करतो की दादा, काय टेन्शन घेऊ नका" हे ठरलेलं उत्तर.

आता पाणी. मरीन टँकला आरओ-डीआय पाणी लागतं, म्हणजे सगळे क्षार काढलेलं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायच्या मीटरवर शून्य दाखवलं पाहिजे. घरातला प्यायचा आरओ चालत नाही, त्यात बहुतेक वेळा चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते. यानं वीस लिटरचे जार आणले, जारामागं प्यायच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लावले आणि आल्या आल्या मीठ टाकून ढवळलं. मीठ टाकल्यावर टीडीएस मोजून काही उपयोग नसतो, म्हणून ती घाई. नंतर त्याच्याच एका न उघडलेल्या जारातलं पाणी मी मीटर लावून बघितलं तर आमच्या नळाच्या पाण्याएवढाच आकडा. म्हणजे नळाचं पाणी आरओ-डीआयच्या भावानं. त्यातनं सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट सगळं टँकमध्ये गेलं, म्हणजे शेवाळाचं खाद्य यानं स्वतःच घातलं. रंकाळ्याचं पाणी हिरवं का पडलं होतं हे आपल्या गावात शाळेतल्या पोराला पण माहीत आहे, सांडपाणी मिसळलं, त्यातनं खाद्य मिळालं आणि शेवाळ माजलं. टँकमध्ये नेमकं तेच होतं.

सगळ्यात हुशारीनं केलेली फसवणूक सायकलची आहे, ही नीट समजून घ्या. सायकल म्हणजे काय, तर माशांच्या विष्ठेतनं आणि उरलेल्या खाण्यातनं अमोनिया होतो, एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, दुसरे त्या नायट्राईटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानानं सौम्य. हे बॅक्टेरिया दगडावर-वाळूवर बसून वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि ते वाढायला पाण्यात अमोनिया असावा लागतो, म्हणून लोक अमोनियम क्लोराईड टाकतात नाहीतर कोळंबीचा तुकडा टाकून ठेवतात. यानं काहीच टाकलं नाही. नुसतं पाणी, मीठ, दगड आणि एक बिनलेबलची बाटली ओतली आणि आठवड्यानं येऊन अमोनियाची टेस्ट करून दाखवली, "बघा दादा, शून्य, सायकल झाली." अरे अमोनिया टाकलाच नाही तर शून्यच येणार ना! वर्षभर ठेवलं तरी शून्यच येईल. सायकल झाली की नाही बघायचं तर अमोनिया दोन पीपीएमपर्यंत (दहा लाख भागात दोन भाग) टाकायचा आणि चोवीस तासात अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्यावर येतात का, आणि नायट्रेट वाढलं का, हे बघायचं. नायट्रेटची टेस्ट त्यानं एकदाही काढली नाही, विचारलं तर "ती लागत नाही".

आणि क्लाऊन माशांची जोडी सोडली. पोरगी खूश, आम्ही सगळे खूश. दोन-तीन दिवसात मासे वर येऊन धापा टाकायला लागले. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि पीएच जास्त असला की तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी होतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि ज्यानं सांगायला पाहिजे होतं तो फोनवर म्हणतोय "नवीन जागा हाय, बावरलेत". दोन्ही गेले.

त्याच वेळेला वाळूवर तपकिरी थर यायला लागला होता. तो आला आणि बघून डोक्याला हातच लावला, "दादा हे शेवाळ लागलंय, यानंच मासे मेले, आत्ताच्या आत्ता थांबवलं नाही तर सगळा टँक काढून फेकायला लागंल." इथनं खरा धंदा सुरू झाला. मासे मेले अमोनियानं आणि दोष दिला डायटमला, जे बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग शेवाळमुक्त पॅकेज निघालं, दर आठवड्याला माणूस येणार, औषध टाकणार, शंखगोगलगायी सोडणार, महिन्याचे वेगळे पैसे. लाईटचा टायमर पण त्यानंच बारा तासांवर लावला आणि पांढरा लाईट फुल, म्हणे "लाईटनं बॅक्टेरिया वाढतात, शेवाळ दबतं". हे साफ खोटं आहे. सायकलच्या बॅक्टेरियाला लाईट लागतच नाही. आत कोरल नाही, काही नाही, मग लाईट खातो कोण, फक्त शेवाळ. सायकलिंग होईपर्यंत लाईट बंद ठेवला तर शेवाळाचा निम्मा त्रास तिथंच संपतो, आणि याला तो संपायला नकोच होता.

औषधाची बाटली निळी होती, म्हणजे आतलं पाणी निळं. टाकलं की दोन-चार दिवस काच स्वच्छ दिसायची, मग परत शेवाळ. आणि दर वेळेला सोडलेल्या गोगलगायी मरायच्या. त्या उलट्या पडलेल्या दिसल्या की तो "तुमच्या पाण्यात दम नाही" म्हणून नवीन आणायचा, त्याचे वेगळे पैसे. 

तासगावचे माझे मामा द्राक्षबागायतदार, एका कार्यक्रमासाठी घरी आले होते. टँकशेजारी ती बाटली बघितली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हे मोरचूद हाय का काय रं? आमी बोर्डो करताना असंच दिसतंय." बागेत बुरशीला मोरचूद आणि चुना फवारतात हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. नुसत्या रंगावरनं आरोप करायचा नव्हता म्हणून मी कॉपरची टेस्ट किट मागवली आणि टँकचं पाणी, बाटलीतलं पाणी दोन्ही बघितलं. दोन्हीत कॉपर. बाटलीत तर रंगपट्टीच्या पार शेवटच्या रंगाच्या पुढं.

पुण्यातला एक मित्र रीफ टँक करतो त्याला व्हिडिओ कॉल केला, तो ऐकून गप्पच बसला आणि मग जे सांगितलं त्यानं माझ्या अंगावर काटा आला. तांबं शेवाळ मारतं हे खरं, पण गोगलगायी, कोळंबी, कोरल या सगळ्यांना ते अगदी थोड्या प्रमाणातसुद्धा मारतं. आणि ते नुसतं पाणी बदलून जात नाही, दगडात आणि वाळूत शोषलं जातं आणि नंतर हळूहळू परत पाण्यात सुटतं. मरीनमध्ये आजारी माशांना तांब्याची ट्रीटमेंट देतात, पण वेगळ्या टँकमध्ये, मोजून, रोज टेस्ट करून. मेन टँकमध्ये कुणीही जाणकार माणूस ते टाकत नाही. म्हणजे हा माणूस स्वतः गोगलगायी विकत होता आणि त्यांना मारणारं विषही स्वतःच विकत होता. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

दगडाचं पण सांगतो. लाइव्ह रॉक म्हणून किलोवर विकला, वर जांभळा रंग, "बघा कोरलाईन धरलेली हाय". टूथब्रशनं घासलं तर जांभळं ब्रशला लागलं आणि खाली करडं सिमेंट. खरी कोरलाईन शेवाळ दगडाला कवचासारखी घट्ट चिकटते, ब्रशनं निघत नाही. हे विचारल्यावर त्यानं आवाज बदलला, "दादा हा समुद्रातला माल हाय, याचं बिल नसतंय, तक्रार केलासा तर फॉरेस्टवाले आधी तुमच्याच घरी येतील." यात अर्धी गोष्ट खरी आहे म्हणून ही धमकी चालते. आपल्या समुद्रातलं दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे आणि त्याची शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आहे. म्हणून कुणी आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाळाचा दगड काढून विकत असेल तर तो घ्यायचाच नाही, स्वस्त मिळाला तरी नाही. पण मला दिलेला माल रंगवलेलं सिमेंट होतं, त्यात कसला समुद्र आणि कसलं फॉरेस्ट. भीती घालून माणसानं तक्रारच करू नये एवढ्यासाठी ते वाक्य होतं. कोरडा, बिलासकट मिळणारा दगड घ्या, बॅक्टेरिया त्याच्यावर पण बसतात, थोडा वेळ लागतो एवढंच.

आता नवीन लावणाऱ्यांनी करायचं काय. कुणी पाणी आणलं तर मीठ टाकायच्या आधी स्वतःच्या हातानं टीडीएस लावा, मीटर काही शेकड्यात मिळतो. टेस्ट किट स्वतःची ठेवा, दुसऱ्याच्या हातातली टेस्ट मान्य करू नका. मीठ इतकं की पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या मानानं ते किती जड) १.०२५ च्या आसपास येईल, आणि बाष्पीभवनानं पाणी कमी झालं की साधं आरओ-डीआय घाला, मीठाचं नाही, कारण मीठ उडून जात नाही. टँक खिडकीच्या उन्हात नको. तपकिरी थर दिसला की काच पुसा, वाळूवरचा पाईपनं ओढून काढा आणि शांत बसा, सायकल संपल्याशिवाय गोगलगायी आणू नका, त्यांना पण अमोनिया सोसत नाही. नंतर लाईट सहा-आठ तास पुरे. आणि फॉस्फेट, नायट्रेट पार शून्य करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, दोन्ही शून्यावर गेले की डायनोफ्लॅजेलेट्स नावाचं बुडबुडे असलेलं चिकट तारेसारखं येतं आणि ते डायटमपेक्षा कितीतरी त्रासदायक आहे. नायट्रेट दोन ते दहा पीपीएम असलं तर काही बिघडत नाही.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडं अर्ज तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते, त्यामुळं जुनं प्रकरण आहे म्हणून सोडून देऊ नका. बिल नसलं तरी यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट, त्याचे व्हॉइस मेसेज सगळं जपून ठेवा, माझ्याकडं त्याच्यावरच अर्ज उभा राहतोय.

आणि कुणाकडं तशी निळी बाटली असेल तर ती टाकून देऊ नका, झाकण घट्ट लावून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, फोटो काढा, आणि त्या टँकमधला दगड-वाळू दुसऱ्या टँकला वापरू नका, कुणाला फुकट पण देऊ नका. तक्रार करणार असाल तर मला मेसेज करा, दोन-तीन जण मिळून गेलो तर आयोगासमोर त्याची पद्धत दिसेल.