जुन्या लॅपटॉपला कार्ड रीडर: दीडशेवाला घ्यावा की आठशेवाला?

बाबांचा लॅपटॉप २००८ चा आहे, कोअर टू ड्युओ, त्यावर सध्या विंडोज ७, आणि तो बदलायचा विषय घरात काढायची सोय नाही कारण सोसायटीची झाडून सगळी पत्रं जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली त्यातच आहेत. रिटायर झाल्यापासून त्यांना पक्ष्यांच्या फोटोंचं वेड लागलंय, एरवी पुण्याजवळचं कवडीपाट आणि थंडीत फ्लेमिंगो आले की भिगवण, म्हणजे कॅमेरा नवाकोरा, कार्ड ६४ जीबीचं आणि लॅपटॉप हा असा. आमच्याकडे दोन रीडर, म्हणजे कॅमेऱ्याचं कार्ड घालून यूएसबीला लावायची डबी, वापरून झाले, एक पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला पारदर्शक प्लास्टिकचा दीडशेवाला आणि आत्ता जो चालू आहे तो ट्रान्सेंडचा आरडीएफ५, सात-आठशेच्या आसपास मिळाला.

पहिलं तुम्ही विचाराल, लॅपटॉपला स्वतःचा स्लॉट असताना रीडर कशाला? तर आहे ना स्लॉट, ३२ जीबीपर्यंतचं कार्ड निमूट वाचतो, ६४ घातलं की ढिम्म. यात बिघाड काही नाही, वयाचा प्रश्न आहे. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, २००६ ला एसडीएचसी आलं ते ३२ पर्यंत, आणि २००९ ला एसडीएक्ससी आलं ते त्याच्या वरचं. स्लॉट जन्माला आला तेव्हा एसडीएक्ससी नव्हतंच. काही जणांच्या जुन्या स्लॉटमध्ये ६४ चालतं असंही ऐकाल, ते खोटं नाही, ड्रायव्हर आणि आतली चिप कुठली यावर असतं, पण त्या भरवशावर राहू नका. २००५-०६ चा लॅपटॉप असेल तर ४ जीबीचं एसडीएचसीसुद्धा बरेचदा दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा. एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅटमध्ये, म्हणजे कार्डावर फाइली मांडायच्या एका पद्धतीत, फॉरमॅट केलेली येतात. विंडोज ७ ला एक्सफॅट कळतं, व्हिस्टाला सर्व्हिस पॅक १ पासून कळतं, पण त्याआधीच्या विंडोज एक्सपीला वेगळा अपडेट टाकल्याशिवाय कळत नाही, आणि मग तो शहाण्यासारखं गप्प बसायचं सोडून विचारतो की डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? नाही म्हणायचं. कार्ड खराब झालेलं नसतं, फोटो जागच्या जागी असतात, एक्सपीला फक्त वाचता येत नाहीये. घाईत हो म्हणलं की दिवसभराचं भिगवण गेलं.

दीडशेवाल्याबद्दल. त्याला वाईट म्हणवत नाही कारण ६४ चं कार्ड त्याने पहिल्या दिवसापासून वाचलं, ड्रायव्हर बिव्हर काही लागला नाही, कारण असे रीडर लॅपटॉपला साध्या पेन ड्राइव्हसारखे दिसतात आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. पण चार प्रकारच्या कार्डांच्या चार खाचा म्हणजे माय कॉम्प्युटरमध्ये चार रिकामे ड्राइव्ह, बाबा प्रत्येक वेळी एकेक उघडून बघणार, आणि त्यात एक्सपीवर कुणी नेटवर्क ड्राइव्हला तेच अक्षर देऊन ठेवलं असेल तर कार्डाचा ड्राइव्ह दिसतच नाही. शिवाय एसडीची खाच इतकी सैल की कार्ड जरा हललं की कॉपी मधेच बंद. आणि ते लॉकचं पांढरं बटण! कार्डाच्या कडेला असतं ना सरकणारं, ते कार्डाच्या आत काहीच करत नाही, ते कुठे आहे हे रीडरमधली छोटी पत्ती बघते. पत्ती वाकडी असली की बटण वर, म्हणजे लॉक उघडं असूनही राइट प्रोटेक्टेड, कार्डावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही. आमच्याकडे हेच झालं, कार्ड बदलून बघितलं तरी तेच, तेव्हा कळलं दोष कुठे आहे ते.

आरडीएफ५ ला दोनच खाचा, एक एसडी एक मायक्रोएसडी. मला हे जास्त आवडलं. कार्ड घट्ट बसतं, ड्राइव्ह शोधत बसावं लागत नाही, मोबाइलचं मायक्रोएसडीही अडॅप्टर न शोधता जातं. यूएसबी ३ चा आहे पण यूएसबी २ च्या पोर्टात बिनबोभाट चालतो. एकच आठवण करून देते, रोज काढघाल करून लॅपटॉपचं पोर्ट सैल झालेलं असतं, तर रीडर थेट न खुपसता वीतभर एक्स्टेन्शन केबल लावा आणि ती केबल पोर्टातच राहू द्या.

स्पीडचं आता सांगते कारण दुकानदार तिथेच गुंडाळतात. यूएसबी २ कागदावर ४८० मेगाबिट, हातात पडतात सेकंदाला ३०-३५ एमबी. म्हणजे ३२ जीबी फोटो उतरवायला पंधरा-अठरा मिनिटं, मग कार्डावर वेग १७० लिहिलेला असो की ९०. महाग कार्ड, महाग रीडर, काहीही लावा, जुन्या पोर्टातून तेवढंच. तरी लॅपटॉपच्या स्वतःच्या स्लॉटपेक्षा बरंच, तिथे जुन्या पद्धतीची हद्दच २५ एमबीची आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. मग यूएसबी ३ चा रीडर घेतला कशाला? तर भावाच्या नव्या लॅपटॉपला तोच लावला की तेच काम पाच-सहा मिनिटांत होतं, आणि रीडर काही लॅपटॉपबरोबर म्हातारा होत नाही. तुमच्याकडे जुनाच एक लॅपटॉप असेल आणि नवा येणार नसेल तर चांगल्या बांधणीचा यूएसबी २ चा पण पुरेल, मी हेच म्हणेन.

त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपला एक्सप्रेसकार्डची, म्हणजे जादा पोर्ट वगैरे जोडायची खाच असायची, त्यात यूएसबी ३ चं कार्ड घालता येतं आणि लोक उत्साहाने सुचवतात. वेग वाढतो हे खरं, पण आतली ५४०० आरपीएमची हार्ड डिस्कच सेकंदाला ५०-६० एमबीच्या पुढे लिहीत नाही, त्यामुळे आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपची डिस्क) टाकलेला असेल तरच त्या भानगडीत पडा. एसएसडी टाकला तर खरं तर अख्खा लॅपटॉपच सुधारतो, पण बाबांना कोण सांगणार.

रीडर न घेता थेट केबलने कॅमेरा जोडायचाही पर्याय आहे, एक्सपीवर सुद्धा चालतो, आणि तेव्हा एक्सफॅटचा प्रश्नच येत नाही कारण कार्ड कॅमेराच वाचत असतो. फक्त बॅटरी पुरेशी चार्ज हवी, आणि आमचा कॅमेरा असा फारच सावकाश फोटो देतो. एखाद्या वेळी ठीक.

लिनक्सवाल्यांसाठी, जुन्या लॅपटॉपवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलेली बरीच मंडळी असतात म्हणून, एक्सफॅटचा चांगला ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.७ मध्ये म्हणजे २०२० ला आला. त्याआधीचं व्हर्जन असेल तर एक्सफॅट-फ्यूज नावाचं पॅकेज टाका, बास.

६४ चं कार्ड फॅट३२ (एक्सफॅटच्या आधीची जुनी पद्धत) करून वापरा असा सल्ला पण मिळतो. करता येतं, पण कॅमेऱ्यात परत फॉरमॅट मारला की तो एक्सफॅटच करणार, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. बाबांसाठी मी यापेक्षा ३२ ची दोन कार्डं घेतली असती, लॅपटॉपच्या स्लॉटलाही चालली असती. ते म्हणाले बर्स्ट मोडला (बटण दाबून धरलं की धडाधड फोटो) पुरत नाही. एका खंड्याचे दोनशे फोटो काढल्यावर कसं पुरेल.

आरडीएफ५ बद्दल तक्रार एकच, हा जीव इतका छोटा की कॅमेरा बॅगेत लेन्सच्या कापडाखाली गेला की सापडत नाही, गोफ बांधून ठेवा. आणि जुना कॅनन ५डी मार्क २ किंवा निकॉन डी७०० सांभाळून असाल तर हा तुमच्या कामाचा नाही कारण त्यांना सीएफ म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश हे जुनं मोठं कार्ड लागतं, त्याच कंपनीचा आरडीएफ८ बघा, त्यात सीएफ आणि सोनीचं मेमरी स्टिकही जातं. फक्त सीएफ सरळ घाला, तिरकं दाबलं तर आतल्या पिना वाकतात. ऑलिंपस-फुजीची जुनी एक्सडी कार्डं कपाटात असतील तर ती नव्या रीडरमध्ये सहसा जात नाहीत, त्यांच्यासाठी जुना यूएसबी २ चा ऑल-इन-वन कुणाकडे पडलाय का ते विचारा, आमचा दीडशेवाला सुद्धा त्या एका कामासाठी ड्रॉवरमध्ये ठेवलाय.